नेतीचा लोटा

योगासनांच्या वर्गाला पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची पहिली अडचण सतरंजीची असते. ती तो घरून काखोटीला मारून आणतो आणि दारातच उभा राहतो, कारण कुठे अंथरायची हे त्याला कळत नाही. जुने लोक आपापल्या जागी पडलेले असतात. पुढे जावं तर सगळे बघतील, मागे राहावं तर काही दिसणार नाही. मी त्या दिवशी भिंतीच्या कडेला, मोडक्या बाकांच्या ढिगाजवळ सतरंजी टाकली होती. अजूनही जागा मिळेल तिथे मी कडेलाच बसतो. आता पन्नाशी आली, ही सवय जायची नाही.

साठ सालानंतरचा एक हिवाळा होता. मी दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन मारेगावकडे गेली होती. एका खोलीत राहायचो, स्टोव्हवर एक वेळचं शिजवायचो आणि तेच दोन वेळा खायचो. हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या आवारात रुईची तुसं हवेत तरंगत असत. कपड्यांवर, भुवयांवर, पाण्याच्या माठावर, सगळीकडे. पहिली काही वर्षं काही वाटलं नाही. मग नाक चोंदायला लागलं. तोंडानं श्वास घेऊन झोपायचो आणि सकाळी घसा लाकडासारखा झालेला असायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा म्हणाले, गोळ्या किती दिवस खाणार, शाळेत मास्तर आसनं शिकवतात तिथे जाऊन बघा.

मास्तर म्हणजे कवायतीचे निवृत्त शिक्षक. सकाळी सहाला शाळेच्या हॉलमध्ये वर्ग घ्यायचे. कुणाकडून काही घेत नसत. नियम तेवढे कडक होते. पोट रिकामं पाहिजे, चहासुद्धा नाही. सतरंजी आपली आपण आणायची, दुसऱ्याच्या सतरंजीवर पाय द्यायचा नाही. बोलायचं नाही. शेजारचा किती वाकतो हे बघायचं नाही. हा शेवटचा नियम कुणीच पाळत नसे. मी तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मी पुढे वाकलो तेव्हा माझी बोटं गुडघ्याच्या जरा खाली पोचली आणि तिथेच थांबली. शेजारी एक कापडवाले शेठ होते, माझ्यापेक्षा दुप्पट पोटाचे, त्यांची बोटं थेट अंगठ्याला लागली. गुडघ्यांचा आवाज होतो हे तर मला ठाऊकच नव्हतं. त्या शांत हॉलमध्ये माझे गुडघे वाजले आणि मागून कुणीतरी नाकातून हसलं.

नवीन माणसाला वाटतं की तिथे आपल्याला खूप काही करावं लागेल. पहिले पंधरा दिवस मी बहुतेक चुकत होतो. डावा पाय म्हटलं की उजवा, श्वास सोडा म्हटलं की घ्यायचो. मास्तर रागावत नसत. ते रांगेतून हळूहळू चालत यायचे आणि चुकणाऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवायचे, हलकेच दाबायचे. पहिल्यांदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मी दचकलो. दोन वर्षांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. शवासनात डोळे मिटून पडलो तर डोळ्यांतून पाणी कानात गेलं. थंडी फार होती, म्हणून कुणाला काही वाटलं नसावं.

वर्गात दहा-बारा जण होतो. एक तरुण प्राथमिक शिक्षक होता. त्याच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म घेतला होता. तो पहिल्या दिवशी येऊन शेठजींच्या शेजारी पडला, तर दुसऱ्या दिवशी शेठजींची सतरंजी समोरच्या भिंतीला गेली. बोललं कुणीच नाही. मास्तरही नाही. पण त्या दिवसापासून ते पाठी दाबायला सुरुवात करत ती या शिक्षकापासून. एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं सांगताना हे आधी सांगायला हवं, म्हणजे मास्तर कसे आहेत हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला उरत नाही.

आता मिस्त्रीबद्दल. माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान मिस्त्री राहायचा. आमच्याच जिनिंगमध्ये रेच्यांची, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची, दुरुस्ती करायचा. माझ्याच वयाचा. घरी बायको, म्हातारी आई. संध्याकाळी हातपाय धुऊन तो माझ्या दाराशी येई, मी चहा टाकी. तो जिनिंगमधल्या गमती सांगे. कोणत्या मजुरानं मुकादमाला कसं बनवलं, कोणता रेचा म्हातारीसारखा कण्हतो. मी हसत असे. दिवसातलं माझं हसणं तेवढंच. त्याला मी निळ्या रेघेच्या कपात चहा द्यायचो. तो कप मी मुद्दाम वेगळा ठेवला नव्हता असं मी म्हणू शकतो. पण दुसऱ्या कुणाला त्या कपात कधी दिला नाही आणि त्याला दुसऱ्या कपात कधी दिला नाही, हेही तितकंच खरं आहे.

त्याचा खोकला माझ्या सर्दीपेक्षा वाईट होता. मी तर टेबलाशी बसायचो, तो रेच्यांच्या पोटात डोकं घालायचा. खोकला आला की बोलणं अर्धं टाकून तो भिंत धरायचा. माझं नाक जरा मोकळं व्हायला लागलंय हे त्यानं माझ्याआधी ओळखलं.

"बाबूजी, तुमी आजकाल तोंड मिटून बसता," तो एकदा म्हणाला. मग थोडं थांबून, "मीबी आलो त चालन का तिथं? मास्तरले इचारून पाहा ना. माह्या छातीत त अख्खी गाठोडी भरून हाय रुईची."

मी म्हटलं, विचारतो की. त्यात काय.

मी त्या आठवड्यात विचारलं नाही. पुढच्याही नाही. योग्य वेळ बघत होतो, असं स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात मास्तरांनी वर्गात जाहीर केलं की येत्या रविवारपासून नेती शिकवणार. एका नाकपुडीतून कोमट मिठाचं पाणी घालायचं, ते दुसरीतून बाहेर येतं, नाक आतून धुतलं जातं. ज्यांना धुळीचा त्रास आहे त्यांनी जरूर करावी. प्रत्येकानं बारीक तोटीचा लोटा आणावा.

आमच्या घरात लोटे होते, तोटीचा कुठला? बाजारात भांड्यांच्या दुकानांत विचारलं, नव्हता. संध्याकाळी मिस्त्रीला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, बाजारात काय शोधता, तोटीचा लोटा आमच्या प्रत्येक घरात असतो. नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला तोच लागतो. त्यानं घरून एक लहानसा पितळी लोटा आणला, बायकोच्या माहेरचा. त्याची तोटी नाकाला जाड होती. त्यानं दोन संध्याकाळी बसून ती कापली, पुढे बारीक निमुळती नळी झाळली, टोक कानशीनं घासून गुळगुळीत केलं, आतून कल्हई केली. माझ्या नाकपुडीला लावून पुन्हा पुन्हा बघायचा आणि शेजारच्या म्हशीला वेसण घालतोय असं म्हणून हसायचा. लोटा हातात देताना म्हणाला, "मास्तर इचारतीन का कोनं बनोला. तवा माह्यं नाव सांगजा, अन् तवाच इचारून टाकजा."

म्हणजे मला विचारायचं धाडस होत नाही हे त्यानं ओळखलं होतं आणि त्यानं मला वाट करून दिली होती.

रविवारी आसनं झाल्यावर आम्ही शाळेमागच्या विहिरीच्या ओट्याशी जमलो. कुणी काय आणलं होतं ते सांगण्यासारखं आहे. दोघांनी चहाच्या किटल्या आणल्या होत्या. एकानं बाळाला दूध पाजायचं बोंडलं. तरुण शिक्षकाकडे फुलझाडांना पाणी घालायची टिनाची झारी होती, तिचं तोंड बघून मास्तरसुद्धा हसले. शेठजींची किटली तर एवढी मोठी होती की ती वाकडी केली की पाणी नाकाऐवजी छातीवर. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या घशात पाणी गेलं. तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्यायचा असतो, ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. मीठ कमी पडलं तर नाकात मिरची गेल्यासारखं होतं. सगळे शिंकत होते, डोळे पुसत होते, एकमेकांकडे बघून हसत होते. मला वाटतं त्या वर्गात आम्ही पहिल्यांदाच एकत्र हसलो.

माझं पाणी मात्र सरळ गेलं. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बारीक धार बाहेर. कित्येक महिन्यांनी दोन्ही नाकपुड्यांतून थंड हवा आत आली. मास्तरांनी माझ्या हातातून लोटा घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. म्हणाले, असा लोटा पाहिजे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोणाच्या हातचा आहे हा?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेठजी किटली खाली ठेवत म्हणाले, "हा त त्या लोकायचा लोटा दिसते बाप्पा. बाबूजी, नाकात कोनाचं पाणी घालून राह्यले तुमी?"

दोघे-तिघे हसले. वाईट हसले नाहीत, आधीचं हसू चालूच होतं. आणि मी म्हणालो, "नाही नाही, घरचाच आहे. बायकोच्या माहेरचा. मुलगी लहान असताना तिला पाणी पाजायचा."

एवढं खोटं मी एका दमात, न अडखळता बोललो. मेलेल्या बायकोचं नाव घेतल्यावर सगळ्यांचं हसू थांबलं. शेठजींनी जीभ चावली, माफी मागितली. मास्तरांनी लोटा दोन्ही हातांनी परत दिला. मला त्या क्षणी बरंही वाटलं, हे लिहायला हवं. मी त्यांच्यातला राहिलो होतो.

संध्याकाळी मिस्त्री आला. उंबऱ्यावरच त्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, लोटा उत्तम, सगळ्यांनी नावाजला. आणि माझं, त्यानं विचारलं. मी स्टोव्हला पंप मारत होतो. वर न बघता सांगितलं की मास्तर म्हणाले, जागा नाही. हॉल भरलाय. तो "हाव" म्हणाला. पुन्हा एकदा "हाव" म्हणाला, चहा घेतला, कप विसळून पालथा ठेवला. तो रोज विसळायचा. मी कधी नको म्हटलं नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी मास्तर माझ्या खोलीवर आले. ते असे कुणाकडे जात नसत. मिस्त्री चहा घेत बसला होता. मी मास्तरांसाठी खुर्ची पुसली. ते म्हणाले, "वहिनींचा तो लोटा एक दिवस द्या. तांबटाला दाखवून तसे चार करून घ्यावे म्हणतो. किटल्यांनी काम होत नाही."

लोटा फळीवर होता. मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग उठून त्यानं तो खाली घेतला आणि परक्या वस्तूसारखा हातात फिरवून बघितला. तोटीच्या झाळकामावरून अंगठा फिरवला.

"जुना माल हाय," तो मास्तरांना म्हणाला. "पन असा बनोता येते. तांबटाकडं कायले जाता? मी करून देतो चार."

मास्तरांना आनंद झाला. तेवढ्यात मिस्त्रीला खोकल्याची उबळ आली, चांगली लांब. ती संपेपर्यंत मास्तर थांबले. मग म्हणाले, अहो, तुम्हीच का येत नाही वर्गाला? तुम्हालाच गरज आहे. हॉलमध्ये जागा पडून आहे.

मी चहा गाळत होतो. चहा गाळायला किती वेळ लागतो? मी तो गाळतच राहिलो. मिस्त्री म्हणाला, "सकाळी टाइम नसते साहेब." आणि गेला. त्याचा अर्धा चहा कपात तसाच होता. कप मी विसळला.

त्यानं चार लोटे केले आणि परस्पर मास्तरांच्या घरी पोचवले. माझ्याकडे येणं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. जिनिंगमध्ये दिसलो की "सलाम बाबूजी" म्हणायचा, पूर्वी म्हणायचा तसंच. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच्या बोलण्याचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी दोन कपांचं पाणी स्टोव्हवर ठेवायचो आणि मग एका कपाचं ओतून द्यायचो. आसनं मात्र चांगली व्हायला लागली होती. बोटं अंगठ्याला लागू लागली. ज्या कारणासाठी गेलो होतो ते साधत होतं आणि घरी येऊन ते सांगायला कुणी नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी, सगळे गेल्यावर मी मास्तरांना खरं सांगितलं. लोटा कुणाचा, नळी कुणी लावली, मी त्याला काय सांगितलं, सगळं. ते सतरंजीची घडी घालत होते. घडी पूर्ण घातली, मग विचारलं, "माझं नाव घेऊन नाही म्हणालात?" मी मान हलवली. ते म्हणाले की त्यांना घेऊन या. दुसरं काही नाही.

मी मिस्त्रीच्या दारी गेलो. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून राहत होतो आणि त्याच्या दारात मी पहिल्यांदा उभा होतो. त्याच्या आईनं आतून विचारलं कोण आहे. तो बाहेर आला, बाज ओढून दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की मास्तर नाही म्हणालेच नव्हते, मी विचारलंच नव्हतं.

"ते मले तवाच समजलं," तो म्हणाला. "त्या हॉलाच्या खिडक्या मीनंच बसोल्या बाबूजी. चाळीस मानसं निजतीन तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलाचं? तुमी म्हनलं असतं का मिस्त्री, मले भेव वाटते, त मी हासलो असतो. चार शिव्या देल्ल्या असत्या. आता कायले देऊ?"

मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला. मी सगळ्यांसमोर सांगतो. तो नाही म्हणाला. रागानं नाही, एखाद्याला आणखी चहा नको म्हणावं तसं. मग आईनं आतून हाक मारली आणि तो आत गेला. जरा वेळ बाजेशी उभा राहून मी परत आलो.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी तो वर्गाला आला. एकटा. मास्तरांकडे तो आपला आपण गेला होता, असं मला नंतर कळलं. नवीन माणूस दारात थबकतो तसा तो थबकला नाही. काखेत घडी केलेली चादर होती. सरळ चालत गेला, तरुण शिक्षकाच्या शेजारी अंथरली आणि खिडकीची बिजागरी हलवून बघितली, मग बसला. त्याचेही गुडघे वाजले. मास्तरांनी त्या दिवशी पाठी दाबायला सुरुवात केली ती त्याच्यापासून. शेठजींच्या सतरंजीला सरकायला आता भिंत उरली नव्हती. ते जागच्या जागी राहिले.

त्या रविवारी ओट्यावर नेतीच्या वेळी एक नवे वकील आले होते. लोटा कुठे मिळेल म्हणून त्यांनी विचारलं. शेठजींनीच उत्तर दिलं की हे मिस्त्री करून देतात, हा माझा त्यांनीच केलेला. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, पण मूळ नमुना आमच्या बाबूजींच्या घरचा, वहिनींचा.

मिस्त्री चार हातांच्या अंतरावर बादलीतून पाणी घेत होता.

मी म्हणालो, "नाही. तो माझ्या घरचा नाही. मिस्त्रींच्या घरचा आहे, त्यांच्या बायकोचा. मी त्या दिवशी खोटं बोललो होतो."

मला वाटलं होतं की काहीतरी होईल. शेठजी हातातल्या लोट्याकडे बघून "असं का" म्हणाले आणि मान तिरपी करून त्यांनी पाणी घालायला सुरुवात केली. वकिलांना काही कळलं नाही. शिक्षक माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानंही मान तिरपी केली. मिस्त्रीनं बादली खाली ठेवली, पाण्यात मीठ टाकलं, बोटानं ढवळलं. वकिलांना म्हणाला, संध्याकाळी या, नाकाचं माप घेतो. सगळे हसले.

वर्ग सुटला की आम्ही दोघे एकाच गल्लीत परत यायचो. दुसरा रस्ताच नव्हता. तो नेहमी पुढे असायचा, मी वीस-पंचवीस पावलं मागे. मी कधी भरभर पाऊल उचललं नाही आणि त्यानं कधी चाल कमी केली नाही. त्या रविवारीही तसंच चाललो. गल्लीच्या तोंडाशी त्याला खोकला आला. पूर्वीसारखा लांब नव्हता, तरी त्यानं भिंतीला हात लावला. मी होतो तिथे थांबलो. खोकला ओसरल्यावर त्यानं खांद्यावरची चादर नीट केली आणि दार लोटून तो आत गेला. मग मी माझं कुलूप काढलं.